तोंडावरचा हात

‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ हा वाक्प्रचार आपल्या तोंडी रोजचा आहे. सोयाबीनचा भाव पडला, विम्याची रक्कम आली नाही, साहेबानं चारचौघांत झापलं, की तो आपसूक ओठांवर येतो. पण क्षणभर थांबून तो शब्दशः वाचला तर त्यात दोन हात दिसतात. एक मारणारा. दुसरा तोंडावर दाबलेला.

पहिला हात कधी तरी थांबतो. लेकरू मोठं होतं, शिकायला किंवा नांदायला दुसऱ्या गावी जातं, मारणारा म्हातारा होतो, एक दिवस मरूनही जातो. दुसरा हात मात्र जागचा हलत नाही. चाळिशीतली बाई, पन्नाशीतला बाप्या त्या हातासकट संसार करतात, नोकरी करतात, देवदर्शनाला जातात. लहानपणी घरात काय झालं, हे नवऱ्याला माहीत नसतं, बायकोला माहीत नसतं, पाठच्या भावंडालाही पुरतं माहीत नसतं.

हा लेख त्या दुसऱ्या हाताविषयी आहे. तो कसा निघतो आणि निघायला कुणाची सोबत लागते, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. सुरुवात लातूरपासूनच करता येते.

धनेगावची शाळा

लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या दुनियेतलं हे बालपण. गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र राहिला. ‘उचल्या’ आपण भटक्या-विमुक्तांच्या वेदनेचं पुस्तक म्हणून वाचलं आणि ते बरोबरच आहे. त्याच पुस्तकात घरातल्या मारहाणीचंही एक चित्र आहे, तिकडे मात्र आपलं लक्ष कमी गेलं.

चोरी शिकवायच्या आधी तिथं पोराला मार खायला शिकवत. मारायची आपलीच माणसं. उद्या पोलिसांनी कितीही झोडलं तरी तोंडातून साथीदाराचं नाव निघता कामा नये, म्हणून आजच अंग तयार करायचं. हे मारणारे पोराचे वैरी नव्हते. त्यांच्या बापजाद्यांनी हाच मार खाल्लेला होता. सरकारची काठी पोलिसाच्या हातातून आज्याच्या पाठीवर, तिथून बापाच्या हातात आणि तिथून लेकराच्या अंगावर आली होती. मार आणि मौन हे दोन्ही एकाच धड्यात कसे शिकवले जातात, याचं इतकं उघडं उदाहरण मराठीत मला दुसरं माहीत नाही. आपल्या पांढरपेशा घरांत हेच घडतं, फक्त मौनाचा धडा वेगळा, सभ्य आवाजात दिला जातो: घरातलं घरात राहू दे.

त्या घरातून शाळेत गेलेलं पहिलं पोर म्हणजे लक्ष्मण. तो शाळेत जायला लागला तेव्हा वस्तीत हगवण-ओकारीची साथ आली, आणि पोराला शाळेत घातल्यानंच हे झालं असं जातवाल्यांनी ठरवलं. तरी पाटी सुटली नाही. पुढे त्याच पोरानं घराचं, गावाचं, पोलिसांचं सगळं नाव घेऊन सांगितलं. ज्या घरात नाव न सांगणं हीच विद्या होती, तिथल्या मुलानं नाव सांगणारं पुस्तक लिहिलं.

भाषेत नसलेला शब्द

मराठीत ‘सासुरवास’ हा शब्द आहे. तो उच्चारला की पुढचं काही सांगावं लागत नाही. सासू कशी, नणंद कशी, शिळी भाकरी, पहाटेचं दळण, सगळं त्या एका शब्दात येतं. ‘माहेरवास’ म्हणजे मात्र विसावा. माहेरच्या घरात, सख्ख्या माणसांकडून झालेल्या छळाला आपल्या भाषेत शब्दच नाही. जाच सासरी होतो, अशी भाषेची समजूत आहे. कहाण्यांमध्ये लेकराला उपाशी ठेवणारी आई बहुधा सावत्र असते. सख्खा बाप, सख्खा काका, मामा, मोठा भाऊ यांच्यासाठी भाषेनं जागाच ठेवलेली नाही. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ अशी म्हण आहे खरी, पण ती आपण तहसील कचेरीतल्या अडवणुकीसाठी वापरतो.

शब्द नसला की लेकराला आपल्यावर काय बेतलंय हे कळायलाच वर्षं लागतात. आपणच वाईट, म्हणून आपल्याला मारतात. आपल्यातच काही तरी घाण आहे, म्हणून आपल्याशी असं वागतात. लहान जीव हाच अर्थ लावतो, कारण दुसरा अर्थ फार भीतीदायक असतो: ज्यांच्या आधारानं जगायचं तीच माणसं धोक्याची आहेत.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्या राज्यांत होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसली होती. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात निम्म्याहून अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आकड्यांत मला सर्वांत जड वाटतो तो हा शेवटचा भाग.

जात्याच्या दोन बाजू

नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी गंगाखेड आहे. जनाबाईचं गाव. परंपरा सांगते की अगदी लहानपणी बापानं तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवलं आणि नामदेवाच्या त्या घरात ती दासी म्हणून वाढली. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो कामाला. शेण्या वेचायला, पाणी भरायला, आणि विशेष म्हणजे दळायला. जातं एकटीनं ओढणं जड असतं. खुंट्याला समोरून दुसरा हात लागला की पाळू हलकी फिरते. ज्या मुलीच्या समोर बसायला कुणी नव्हतं, तिनं देवाला समोर बसवलं आणि त्याच्याशी मनातलं बोलली, प्रसंगी त्याला शिव्याही घातल्या. हक्कानं रागावता येईल असं माणूस मिळणं म्हणजे काय, ते जनाबाईला सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

पुढे तिच्या वाटेनं लाखो बायका गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठवाड्यातल्या, माजलगावच्या भीमनगरसारख्या वस्त्यांतल्या बायकांचे आवाज त्या संग्रहात आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळानं हा ठेवा लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ओव्या ऐकताना त्यांची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. पहाटेचा अंधार असतो. हात कामात असतात. ‘तुला काय झालं’ असं कुणी थेट विचारत नाही. एक बाई ओवी टाकते, समोरची तिच्यात आपली भर घालते. सांगणारीला वाटतं, मी गाणं म्हणतेय. ऐकणारीला सगळं समजलेलं असतं. सल्ला नाही, न्यायनिवाडा नाही. पीठ पडत राहतं.

पण ओवीलाही एक कुंपण होतं. सासरच्या दुःखाला तिनं मोकळं रान दिलं. मायबाप, भाऊ, माहेर यांना मात्र बहुतेक वेळा सोन्याचंच ठेवलं. माहेरच्या उंबऱ्याआड जे सोसलं, त्याला जात्यावरही फारशी जागा मिळाली नाही. मग पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांची कंबर मोडणारे कष्ट संपले ही चांगलीच गोष्ट झाली. त्यासोबत समोरासमोर बसायची ती पहाटही गेली, आणि तिची जागा दुसऱ्या कशानं भरून निघाली नाही.

आईचं नाव मधे

ते कुंपण ओलांडलं आत्मकथनांनी. १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ आलं. करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचं हे पोर. आई तमाशात नाचणारी, तिच्या आणि तिच्या बहिणींच्या कमाईवर जगणारा आजोबा, आणि आजोळच्या घरात मार खात, राबत, शिळंपाकं खात वाढलेला नातू. हा मुलगा डॉक्टर झाला आणि त्यानं ते घर कागदावर आणलं. बापानं नाव दिलं नाही, म्हणून आईचं नाव मधे लावलं. ज्या नावावरून हिणवलं जायचं, तेच पुस्तकावर छापलं. २००७ मध्ये अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला, पण त्या मधल्या नावानं अनेकांना आपलंही नाव सांगायचं बळ दिलं.

त्याआधी दहा वर्षं, १९८४ मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ आलं होतं. बापानं नाकारलेल्या या मुलाच्या वाट्याला आजी संतामाय आली आणि तिच्यासोबत राहणारा महमूद दस्तगीर जमादार आला. रक्ताचं नातं नाही, जातधर्म एक नाही. एसटी स्टँडवर हमाली करणारा हा माणूस पोराचा दादा झाला. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. हवाई बेटांतल्या कौआई इथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर या अभ्यासकर्तीनं कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, व्यसन, आजार अशा घरांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं पुढे नीट उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक ठिकाणी एक तरी प्रेमाचं, भरवशाचं माणूस होतं: आजी, शेजारीण, मास्तर. महमूददादाला कौआईचा अभ्यास ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यानं पोराला जवळ केलं एवढंच.

म्हणजे सावरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आपलं सांगणं आणि समोर बसलेलं माणूस. आत्मकथन लिहिणारा एकटा बसून लिहितो असं वाटतं, पण ‘उचल्या’ किंवा ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचून ज्यांनी पहिल्यांदा स्वतःशी ‘माझंही असंच झालं’ असं म्हटलं, ती सगळी माणसं त्या जात्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसलेली असतात.

लिहिल्यानं काय होतं

अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. महाविद्यालयातल्या काही मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितलं. काय झालं आणि तेव्हा मनात काय आलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या दिवसांत जास्तच उदास वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर जगभर असे शेकडो प्रयोग झाले. परिणाम आहे, पण तो चमत्कार नाही, हेही त्यातून दिसलं.

त्या ‘आधी उदास’ या भागाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जखमेवरची खपली ओढणं म्हणजे उपचार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारता येत नाही. जो मारतो त्याच्याच छताखाली राहणाऱ्या पोरीच्या हातात वही देऊन ‘लिही’ म्हणणं धोक्याचं आहे. ती वही कुणाच्या हाती लागेल? आपल्याकडच्या अनेक मुलांना पहिली सुरक्षितता शिक्षणानं दिली असेल. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून लातूरच्या शिकवण्यांना आलेलं पोर खोलीवर रडतं, तेव्हा आपण म्हणतो घरची आठवण येते. एखाद्याला घरापासून लांब पहिल्यांदाच शांत झोप लागते, हेही खरं असू शकतं. त्या पोराचे गुण विचारणारे पुष्कळ असतात, झोप विचारणारं कुणी नसतं.

एकमेकांपाशी

घरातल्या लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी भारतात पहिलं संघटित काम दिल्लीच्या ‘राही’ या संस्थेनं १९९६ मध्ये सुरू केलं. अनुजा गुप्ता यांनी उभ्या केलेल्या या संस्थेनं सुरुवातीला ज्यांचे अनुभव नोंदवले त्या शहरी, इंग्रजी बोलणाऱ्या बायका होत्या. त्यांनी तोंड उघडलं म्हणून ‘चांगल्या घरांत असं होत नसतं’ हा समज तुटला. तेच आपल्या बोलीत, लोह्याच्या, अहमदपूरच्या, कंधारच्या बाईला बोलता यावं, ही पुढची पायरी आहे.

त्यासाठी लागणारं सामान आपल्याकडे आहे. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ हा गट चालवला. दारू पिणाऱ्या माणसाच्या घरात बायकोनं आणि लेकरांनी सोसलेलं वेगळं आहे, त्याला वेगळी बैठक लागते, हे त्यात मान्य केलेलं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत तर आपल्याकडचे पुरुषही बोलतात. आपल्या पाळीनं, आडनाव न सांगता. पारावर, टपरीवर, भजनी मंडळात जगातलं सगळं बोलणारा मराठवाड्यातला बाप्या स्वतःच्या लहानपणाबद्दल अवाक्षर काढत नाही, असं म्हणून आपण त्याला सोडून देतो. बैठकीचे नियम नीट असतील तर तोही बोलतो. १९८९ पासून विद्या बाळांच्या ‘मिळून साऱ्याजणी’नं छापील पानांवर हीच बैठक भरवली: एकीनं लिहायचं, दुसरीनं पुढच्या अंकात तिला जोड द्यायची.

आणि खुद्द लातूरचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. माळवदाची, दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले. पुढे घरं सावरण्याच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणलं. सरकारी माणूस काय म्हणतो ते गावाला आणि गावाचं म्हणणं सरकारला सांगायचं काम त्यांचं. शेकडो गावांत, कधी चावडीवर न गेलेल्या बायका भिंती कशा बांधाव्यात यावर बोलू लागल्या. जिचं स्वतःचं घर पडलं होतं तीच शेजारणीच्या घराचं सांगत होती, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. ज्यांच्या आतलं घर पडलंय, त्यांच्यासाठी हीच पद्धत लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. बचत गटांचं जाळं लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांत आहे. वाकळ शिवायला चार बायका बसतात, तेव्हा जात्यासारखेच हात गुंतलेले आणि डोळे खाली असतात.

अशा बैठकीचे नियम थोडे आणि कडक असावेत. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. कुणी मध्ये बोलणार नाही. ‘तू तेव्हा का नाही सांगितलंस’ हा प्रश्न विचारायचा नाही. माझं दुःख मोठं की तुझं, याचं माप घ्यायचं नाही. नुसतं ऐकायला आलेली बाई वर्षभर गप्प राहिली तरी चालेल. आणि माफ करायलाच हवं, अशी सक्ती कुणावर करायची नाही. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं करणारी लेक त्याला माफ न करताही त्याचं करू शकते. तो तिचा निर्णय आहे.

एक गोष्ट मात्र गुपितात ठेवता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर आज लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मोठेपणी तक्रार करायलाही या कायद्यात कालमर्यादा नाही, हे केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवावेत. रात्र रात्र झोप नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर बैठक पुरत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडेच गेलं पाहिजे. सोबत बैठकीतलीच एखादी गेली तर दवाखान्याची पायरी सोपी होते.

दिवाळीला घरी

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा लातूर-नांदेडच्या गाड्या भरून वाहत असतील. घरं माणसांनी फुलतील. अभ्यंगस्नान, फराळ, भाऊबीज. त्या गर्दीत एखादी नऊ वर्षांची भाची म्हणेल, ‘मला त्यांच्याकडे मुक्कामाला नाही जायचं.’ एखादा पोरगा ठरावीक माणूस आला की माळवदावर जाऊन बसेल. आणि आपल्यापैकी कुणी तरी, आई, मावशी, आत्या, आजी, अगदी प्रेमानं म्हणेल, ‘असं बोलू नये. मोठे आहेत ते.’

मारणारा हात बहुधा एकाचाच असतो. तोंडावरच्या हाताला मात्र अनेकांची बोटं असतात, आणि ती बहुतेक प्रेमाच्या माणसांची असतात. म्हणून तो इतकी वर्षं ओळखू येत नाही. म्हणूनच तो काढणंही आपल्याला शक्य आहे, पुस्तक न लिहिता, याच दिवाळीत. हातातली करंजी खाली ठेवून त्या पोरीशेजारी बसायचं. ‘का गं?’ एवढं विचारायचं, आणि ती बोलेपर्यंत आपण गप्प राहायचं.